डोंगरवाटेच्या सायकलची पोलादी फ्रेम

सायकलीचे टायर झिजतात, चेन सैल पडते, ब्रेकचे गट्टू बदलावे लागतात, सीट तर दोन-तीन वर्षांतच फाटते. आणि ह्या सर्व वस्तू बाजारात सुट्या मिळतात. जी बदलली असता सायकलच बदलली असे म्हणावे लागते, ती वस्तू एकच, व ती म्हणजे फ्रेम. असे असूनही दुकानात गेल्यावर आपण प्रथम रंग पाहतो, मग गिअर किती आहेत ते मोजतो, आणि फ्रेमविषयी विचारावयाचे बहुधा राहूनच जाते.

घरातील मुलगा किंवा मुलगी ‘मला डोंगरात चालणारी सायकल हवी’ असे म्हणू लागली की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या आठ्यांना कारण आहे, कारण ह्या सायकली स्वस्त नसतात, आणि तरुण वयातील हौस किती टिकेल ह्याची हमी कोणी द्यावी? म्हणूनच आज ज्या फ्रेमचा विचार करावयाचा, ती अशी असावी की हौस ओसरली तरी ती अडगळीत पडू नये. आज तिच्यावरून डोंगर चढावा, उद्या कॉलेजला किंवा कामावर जावे, पुढे कधी कॅरिअरवर सामान बांधून आठ दिवसांचा प्रवास करावा. असे अनेक उपयोग एकाच फ्रेमने साधावयाचे असतील, तर पोलादी ‘हार्डटेल’ ही निवड अद्यापही शहाणपणाची ठरते. हार्डटेल म्हणजे जिच्या पुढच्या चिमट्यात धक्के शोषण्याची सोय असते, परंतु मागचे चाक फ्रेमलाच पक्के बसवलेले असते, अशी सायकल. मागे सांधे नाहीत, त्यामुळे झिजणारी बेअरिंगेही नाहीत, आणि देखभालीचा खर्च तितकाच कमी.

ह्या सायकलीचा जन्मही जुन्या पोलादी फ्रेममधूनच झाला. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या काळातील श्विन कंपनीच्या जाडजूड सायकली मोडीतून उचलून आणीत व त्यांवरून डोंगर उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे सव्वातीन किलोमीटरांत चारशे मीटरांचा उतार! पॅडल उलटे दाबून लावावयाचा ब्रेक मागच्या हबमध्येच असे. खाली पोहोचेपर्यंत हब इतके तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि ते उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ह्या पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्या उताराचे नाव होऊन बसला : ‘रिपॅक’. ह्याच मंडळींपैकी जो ब्रीझ ह्यांनी १९७७ मध्ये केवळ ह्या कामासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची नवी फ्रेम बांधली. धक्के शोषणारा चिमटा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या आसपास, बाजारात आला.

आता पोलादाकडे वळू. पोलाद म्हटले की सगळे सारखेच, असे नाही. अगदी स्वस्त सायकलींत साधे कार्बनयुक्त पोलाद असते. त्याच्या नळ्या जाड ठेवाव्या लागतात व फ्रेम जड होते. डोंगराच्या कामाला हवे ते ‘क्रोमोली’. त्याचा ४१३० हा प्रकार सर्वत्र आढळतो. त्यात शेकडा सुमारे एक भाग क्रोमियम आणि एक-पंचमांश भाग मॉलिब्डेनम असते. एवढ्याशा मिश्रणाने त्याचा कणखरपणा पुष्कळ वाढतो आणि नळीची भिंत पातळ करता येते. शिवाय चांगल्या नळ्या सर्वत्र सारख्या जाडीच्या नसतात. जोडाजवळ ताण अधिक, म्हणून टोकांना त्या जाड असतात, आणि मध्ये पातळ; उदाहरणार्थ, टोकांना ०.८ मिलिमीटर व मध्ये ०.५ मिलिमीटर. ही युक्ती जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स ह्या घराण्याने तिचे पेटंट १८९७ मध्येच घेतले होते.

येथे ग्राहकाने एक प्रश्न आवर्जून विचारावा : फ्रेमच्या सगळ्याच नळ्या क्रोमोलीच्या आहेत काय? पुष्कळदा पुढच्या तीन मोठ्या नळ्या तेवढ्या क्रोमोलीच्या असतात आणि मागचा त्रिकोण साध्या पोलादाचा. चिकटवलेल्या कागदावर मात्र ‘क्रोमोली’ हे एकच अक्षर ठळक छापलेले. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण तो दोन्हींना सारखाच चिकटतो. निर्मात्याच्या माहितीपत्रकातील बारीक मजकूर वाचणे हाच उपाय.

पोलादाविषयी एक समज मात्र इतका पसरला आहे की त्याला थोडा धक्का द्यावासा वाटतो. पोलादी फ्रेम ‘मऊ’ चालते, रस्त्याचे धक्के गिळते, असे मोठ्या आवडीने सांगितले जाते. वस्तुतः पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आणि तिप्पटच ताठ आहे. महागड्या पोलादाचा ताठपणाही साध्या पोलादाइतकाच असतो, वाढतो तो केवळ कणखरपणा. पोलादाच्या नळ्या बारीक असतात म्हणून फ्रेममध्ये थोडी लवचीकता येते हे खरे. पण बसणाऱ्याच्या पाठीला जे सुख मिळते ते बहुतांशी रुंद टायर व त्यातील बेताची हवा ह्यांचे. ज्यांना केवळ आराम हवा, त्यांनी फ्रेमवर अधिक पैसे खर्चण्याआधी चांगले टायर घ्यावेत.

मग पोलाद घ्यावे कशासाठी? एक तर, ठराविक मर्यादेच्या आतील ताण पोलाद वर्षानुवर्षे सोसते; अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान ताणही साचत जातात. दुसरे असे की पोलाद बहुधा तुटण्याआधी वाकते किंवा रंगाला तडे देऊन इशारा देते. आणि त्याची दुरुस्ती होऊ शकते. त्यासाठी किंमत द्यावी लागते ती वजनात. ह्या प्रकारची पोलादी फ्रेम अडीच किलोच्या आसपास भरते, अ‍ॅल्युमिनियमची त्याहून अर्धा-पाऊण किलोने हलकी मिळू शकते. शर्यतीत उतरणाऱ्याला हा फरक जाणवेल. इतरांनी त्याची फार काळजी करू नये.

‘अनेक कामांची फ्रेम’ हे शब्द कोणीही जाहिरातीत लिहू शकतो. ते खरे आहेत की नाहीत हे ओळखावयाचे असेल तर फ्रेमच्या मागच्या टोकाकडे पाहावे. मागचे चाक ज्या खाचेत बसते ती खाच पुढे-मागे सरकवता येत असेल, तर एकाच फ्रेमवर गिअरची सायकल करता येते, एका गिअरची करता येते, आणि ओझे न्यावयाचे तेव्हा चाक थोडे मागे घेऊन सायकल स्थिरही करता येते. खाचेच्या रुंदीचेही महत्त्व आहे. पूर्वी ती १३५ मिलिमीटर असे, नंतर १४२ झाली, आणि २०१५ च्या सुमारास १४८. जुन्या मापाची फ्रेम घेतली तर पुढे चांगले हब मिळणे कठीण जाते. अमेरिकेतील सर्ली कंपनीने ‘कराटे मंकी’ ह्या आपल्या फ्रेममध्ये ह्यावर मजेदार तोड काढली. तिने मागची रुंदी मधली, म्हणजे १४५ मिलिमीटर, ठेवली. १४२ चे हब बसवताना फ्रेम किंचित आत दबते, १४८ चे बसवताना किंचित फाकते. पोलादाला एवढे लवणे सहज जमते. धातूचा गुण ओळखून केलेली अशी योजना पाहिली की समाधान वाटते.

गिअर बदलणारा डिरेलर ज्या लहान पट्टीवर टांगलेला असतो, ती सुटी असावी. सायकल आडवी पडली की प्रथम तीच वाकते. पूर्वी प्रत्येक निर्मात्याची पट्टी निराळी असे आणि ती मिळवताना नाकी नऊ येत. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने सर्वांना वापरता येईल असे एकच माप पुढे आणले, व ते अनेकांनी स्वीकारले. आडगावी राहणाऱ्या वाचकांनी हा मुद्दा क्षुल्लक समजू नये.

इतर मापांबाबत थोडक्यात सांगतो. हँडलखालची नळी ४४ मिलिमीटर आतील व्यासाची असल्यास जुना सरळ दांड्याचा आणि नवा खाली जाड होत जाणारा, असे दोन्ही चिमटे योग्य कप वापरून बसतात. पॅडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिला आटे असावेत; ठोकून बसवावयाची बेअरिंगे पुढे करकरू लागतात. केबली बाहेरून नेलेल्या असल्यास बदलणे सोपे. कॅरिअर, मडगार्ड आणि पाण्याच्या बाटल्या ह्यांसाठी आट्यांची छिद्रे आहेत ना, हे पाहून घ्यावे. टायरच्या दोन्ही बाजूंस किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यातील चिखल आत अडकून रंग खरवडून काढतो. २९ इंची चाकाला २.४ ते २.६ इंच रुंदीचा टायर मावत असेल, तर नदीतील गोटे असोत की जांभ्याची खडबडीत वाट, काम भागते.

चिमट्याच्या लांबीबाबत मात्र जरा थांबावयास हवे, कारण ह्याच बाबतीत तरुण मंडळी चुकतात. जितका लांब चिमटा तितकी सायकल दणकट, असा त्यांचा समज असतो. हार्डटेलमध्ये चिमटा दबला की केवळ पुढची बाजू खाली जाते, मागची जागच्या जागी राहते, आणि संपूर्ण सायकल पुढे कलते. चिमटा २० मिलिमीटर दबला की हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. माहितीपत्रकात ६६ अंश छापलेला कोन मनुष्य बसताच ६७ च्या पुढे जातो, व मोठ्या खड्ड्यात चिमटा पुरता दबला की ७२ च्या जवळ. म्हणजे उतारावर स्थैर्याची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच क्षणी सायकल चंचल होते. चिमटा जितका लांब, तितका हा पालट मोठा. म्हणून अनेक कामांच्या फ्रेमला १२० ते १३० मिलिमीटर दबणारा चिमटा आणि ६६-६७ अंशांचा कोन पुरेसा आहे, असे माझे मत आहे. निर्मात्याने ठरवलेल्या कमाल लांबीपेक्षा लांब चिमटा कधीही बसवू नये. त्याने हँडलजवळच्या जोडावर तरफेसारखा ताण येतो, आणि तो जोड तुटला तर सायकलस्वार तोंडावरच आपटतो. फ्रेम आयएसओ ४२१० ह्या मानकाच्या डोंगरी सायकलींसाठी असलेल्या चाचण्यांत उतरली आहे काय, हेही विचारावे.

आपल्या घरांतून मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची रीत आहे, आणि सायकलही त्याच हिशेबाने घेतली जाते. कपड्यांना ती रीत शोभते. मोठ्या फ्रेमवर मुलाला अचानक पाय टेकता येत नाहीत, हात ताणलेले राहतात आणि ब्रेकवर बोटे वेळेवर पोहोचत नाहीत. सायकलीच्या दांडीवरून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहावे. दांडी व शरीर ह्यांत निदान चार बोटे अंतर असावे. सीटच्या नळीची इंचांतील लांबी पाहून माप ठरवण्याचा जुना प्रघात आता उपयोगाचा राहिलेला नाही, कारण हल्ली ती नळी मुद्दाम आखूड ठेवतात. पॅडलच्या आसातून उभी रेषा काढली, तर त्या रेषेपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, ज्याला ‘रीच’ म्हणतात, ते पाहावे. ज्या सायकलीवर आपण सुखाने बसतो तिचेच हे अंतर मोजून नेले तर दुकानात फसगत होत नाही. मूल अजून उंच होत असेल तर महाग फ्रेम घेण्याची घाईच करू नये, वापरलेली घ्यावी.

वापरलेली फ्रेम पाहताना हँडलच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवावे. तेथे सुरकुतीसारखा उंचवटा किंवा रंगाला आडवा तडा लागला, तर ती सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. किंमत कितीही कमी असो, परत द्यावी. सीटचा दांडा बाहेर निघतो की नाही हे समक्ष पाहावे. आणि पोलादाची दुरुस्ती होते, ह्याचा अर्थ नाक्यावरच्या ग्रिलवाल्याने ती करावी असा नव्हे. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीला दरवाजाच्या वेल्डिंगची आंच लागली तर भोकच पडते, किंवा जोडाशेजारी धातू ठिसूळ होतो. पातळ नळ्यांवर पितळी झाळकाम किंवा टिग पद्धतीचे वेल्डिंग करणारा कारागीरच शोधावा.

राहिला प्रश्न गंजाचा. तो बाहेरून दिसतो तेथे फारसा घातक नसतो. आतून लागतो तो वाईट. फ्रेम नवी असतानाच, भाग बसवण्यापूर्वी, प्रत्येक नळीत गंजरोधक तेल सोडून ती सर्व बाजूंनी फिरवावी व एक रात्र निथळू द्यावी. पॅडलच्या आसाखाली पाणी जाण्याचे छिद्र असते, ते चिखलाने बुजू देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचा सीटचा दांडा पोलादी नळीत ओलाव्याने असा धरून बसतो की पुढे करवतीने कापावा लागतो. म्हणून त्याला ग्रीस लावावे, आणि समुद्रकाठच्या वाचकांनी पावसाळ्यात दर महिन्याला तो एकदा काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवावा. बसवताना दांड्यावरील किमान खोलीची खूण नळीच्या आत गेली आहे एवढे पाहावे.