चालकाच्या हातातील मोबाईल

धारहून मांडवगडाकडे निघालेला प्रवासी नालछा गाव मागे टाकतो, आणि थोड्याच वेळात माळव्याची सपाटी संपून काकरा खोच्या दरीकडे आलमगीर दरवाज्याची वळणे सुरू होतात. पावसाळ्यात येथे पर्यटकांची रीघ लागते. अशा रस्त्यावर एका हाती सुकाणू आणि दुसऱ्या हाती मोबाईल धरून संदेश लिहिणारा चालक दृष्टीस पडला, तर त्यास कोणता कायदा आवरणार? पवारांच्या धारचा आणि आमच्या बेळगाव-निपाणीचा ऋणानुबंध जुना आहे. परंतु आज नालछ्याची आठवण झाली ती या प्रश्नाने.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर धावते. संदेश वाचावयास पाच सेकंद मान खाली गेली, तर गाडी ८३ मीटर आंधळी धावली. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ साली वाहन चालविताना मोबाईल वापरल्यामुळे १,९९७ अपघात घडले व १,०४० माणसे दगावली. खरा आकडा यापेक्षा मोठा असावा, असे आमचे मत आहे. कारण अपघातानंतर ‘माझे लक्ष मोबाईलमध्ये होते’ अशी कबुली देणारा सत्यवादी विरळा!

कायदा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात स्पष्ट शब्दांत गणला गेला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०२० च्या नियमदुरुस्तीने केवळ मार्ग पाहण्यापुरती, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मुभा ठेवली. शब्द नेमके असणे किती अगत्याचे असते, हे इंग्लंडने अनुभवले आहे. गाडी चालविता चालविता मोबाईलवर अपघाताचे चित्रण करणारा इसम तेथे २०१९ साली उच्च न्यायालयातून सुटला, कारण चित्रण म्हणजे ‘संभाषण’ नव्हे! ती पळवाट बुजविण्यास २०२२ साल उजाडले.

मग अडते कोठे? कलम २०० ने तडजोडीच्या दंडाची रक्कम ठरविण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि राज्यांनी मतदारांची नाराजी मोजली. कर्नाटकाने सप्टेंबर २०१९ मध्ये नवे दंड लागू केले आणि त्याच महिन्यात ते खाली आणले. मध्य प्रदेशाने त्या वेळी अंमल लांबणीवर टाकला. ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आम्ही इतकी वर्षे झगडत आहोत, त्या महाराष्ट्रानेही डिसेंबर २०२१ पर्यंत हात आखडता घेतला. आपल्या माणसाचे चुकले तर ते आपणच प्रथम बोलावे, म्हणून हे येथे लिहितो. कोगनोळीचा नाका ओलांडताच दंडाचा आकडा बदलतो. रस्त्यावर मरणारा माणूस मात्र दोन्ही बाजूंस तितकाच मरतो.

मोठ्या दंडाचे विरोधक म्हणतात की, पाच हजार रुपये म्हणजे गरीब दुचाकीस्वाराचा पंधरवड्याचा घास. या म्हणण्यात तथ्य आहे. जबर दंडाने पोलिसाशी रस्त्यावरच ‘तोड’ काढण्याचा मोह वाढतो, हेही आम्ही जाणतो. आमच्या मते दंड बेताचा असावा, पण तो चुकू नये. आणि दुसऱ्या खेपेस अनुज्ञप्ती काही काळ काढून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच तीन महिन्यांच्या निलंबनाची शिफारस केली होती. श्रीमंतास पाच हजारांचे काही वाटत नाही, तीन महिने पायी चालणे मात्र त्यासही झोंबते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पुराव्याच्या नावाखाली हवालदाराने नागरिकाचा मोबाईल उघडून त्यातील पत्रव्यवहार चाळावा, हे आम्हांस मान्य नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. सीमाभागातील चळवळीच्या कार्यकर्त्यास तर या अधिकाराचे मोल निराळे सांगावयास नको. हातात मोबाईल दिसला, कॅमेऱ्याने टिपला, इतका पुरावा पुरे.

आणखी एक गाऱ्हाणे आमचे खास आहे. कायदा पाळावयाचा तर तो आधी वाचता आला पाहिजे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्र सरकारने १९५६ सालीच मान्य केले आहे. मराठी परिपत्रकांची आमची मागणी त्याच आधारावर उभी आहे. दंडाची रक्कम, कलम आणि अपिलाची वाट मराठीतही छापलेली पावती खानापूर-निपाणीच्या चालकाच्या हाती पडावी, यासाठी बेळगाव जिल्हाधिकाऱ्यांनी वाहतूक पोलिसांस लेखी आदेश द्यावा. तो देण्यास सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.