यवतमाळला परत येताना

कामाला लॅपटॉप पुरतो, मग पुणं सोडून यवतमाळला का राहू नये, असं इथलीच बाहेर गेलेली मुलं विचारतात. जरूर या. पण घराचं भाडं विचारण्याआधी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते विचारा. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली, तेव्हा अख्खं शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. त्या वर्षापासून इथली माणसं अंगणातल्या टाकीचा विचार आधी करतात, खोल्यांचा नंतर. रेल्वेचं दुखणं त्याहून जुनं. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला बंद पडली, वर्धा–नांदेड मार्गाची नवी गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचली, आणि मुंबई-पुण्याची गाडी पकडायला आजवर धामणगाव किंवा बडनेरा गाठण्याची सवय झालेली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, हा मोठा आधार. तरी गंभीर रुग्णाला घेऊन नागपूरचे दीडशे किलोमीटर कापावे लागतात, हे म्हाताऱ्या आईवडिलांसाठी येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि तरीही या, असंच मी म्हणेन. नातवंडांना आजीआजोबांचा सहवास रोज मिळतो, नवरात्रात दुर्गादेवी पाहायला सगळं गाव रात्रभर पायी फिरतं. शिवाय शिकलेली माणसं परत आली, तर शहराला पाणी पुरवणाऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाला जाब विचारणारे वाढतील. मला ते भाड्यातल्या बचतीपेक्षा फार मोलाचं वाटतं.