हायड्रोजनचे युग आणि गायरानाचा सातबारा



पाण्यात वीज खेळवून त्यातील हायड्रोजन वेगळा काढावयाचा आणि खत, पोलाद, तेलशुद्धी या कामी तो वापरावयाचा, अशी मोठी योजना केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केली. तीसाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले आहेत. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन काढण्याचे उद्दिष्ट आहे. हा प्रश्न कारखानदारांचा, त्याच्याशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी कित्येक म्हणतील. संबंध आहे, आणि तो जमिनीचा आहे.

एक किलो हायड्रोजनला सुमारे पन्नास युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल तर या खटाटोपाला अर्थच उरत नाही. म्हणून योजनेबरोबर सुमारे १,२५,००० मेगावॅट सौर, पवन आदी वीज नव्याने उभारावयाची आहे. एक मेगावॅट सौर विजेस चार एकरांच्या आसपास जमीन लागते. निम्मी वीज जरी सूर्याची धरली, तरी अडीच लाख एकर झाले. बागाईतदार आपला मळा सोडणार नाही. कागदावर ज्या जमिनीला धनी नाही, तिच्यावरच प्रथम नजर जाईल. महाराष्ट्रात शेतीपंपांच्या सौर योजनेसाठी गायरानासह शासकीय जमिनी भाडेपट्ट्याने देणे सुरू झालेच आहे.

गायरान म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते पडीक व गायरान जमिनींसाठीच. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाने ठरविले. तरीही असंख्य घरी आज कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव ‘सरकार’ अशीच स्थिती आहे. अशा कुटुंबाचे संरक्षण कोण करणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची तपासणी घातली आहे. पण सरकारी जमीन भाड्याने दिली की संपादन होतच नाही. सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीतून सूट असल्यामुळे जनसुनावणीही नाही. दोन्ही दारे अशी बंद होतात, आणि तीही कायदा न मोडता!

वीज नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी मजूरमंत्री या नात्याने विद्युत धोरण समितीपुढे बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी स्वस्त व मुबलक विजेचाच आग्रह धरला होता, आणि ती सरकारच्या मालकीची असावी की खाजगी, हा प्रश्नही त्यांनी तेथेच उभा केला होता. आजच्या योजनेत अनुदान जनतेचे आणि मालकी बहुतांशी खाजगी आहे. खाजगी कारखान्यात आपल्यासाठी राखीव जागाही नाहीत. मग कसणाऱ्याची जमीन घ्यावयाची असेल तर आधी त्याचा हक्क नोंदवा आणि भाड्यात त्याला वाटा द्या, एवढी मागणी जास्तीची कशी ठरते?

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. मात्र सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्यातच ठेवला आहे. त्या अपवादाचा आधार कागदावाचून मिळत नाही. अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावती, पीकपाहणीची नोंद, पंचनाम्याची नक्कल, जे घरात असेल ते बाहेर काढा. पेटीच्या तळाशी पडलेली वडिलांच्या हातची दंडाची पावती हा आज पुरावा आहे. तिच्या नकलेसह तहसीलदारांकडे अर्ज द्या, पोच घ्या, आणि येत्या ग्रामसभेत गायरानाचा विषय लेखी मांडून तो इतिवृत्तात नोंदला गेला की नाही, हे स्वतः वाचून पाहा.