वृद्धाश्रमांतील मूक हाल

चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागले, की भूगाव, भुकूम, पिरंगुट या गावांच्या आसपास वृद्धांच्या निवासांच्या पाट्या दिसू लागतात. मोकळी हवा, डोंगरांचा शेजार आणि शहराच्या गोंगाटापासून दूर असलेली शांतता या मुळशीच्या गुणांमुळे अशा संस्था येथे आल्या, यात नवल नाही. पुण्यात दोन खोल्यांत संसार करणारी किंवा परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना येथे ठेवतात ती बहुधा निरुपायाने. त्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. परंतु हीच शांतता आणि हेच अंतर एखाद्या परावलंबी वृद्धाचे हाल कोणाच्या कानी पडू देत नाही, याचा विचार व्हावयास हवा.

वृद्धांच्या छळाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले गेले ते १९७५ मध्ये, एका ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकातील छोट्या पत्रामुळे. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शुश्रूषा-संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, वर्षभरात आपल्या हातून कोणत्या ना कोणत्या प्रकारचे गैरवर्तन घडल्याची कबुली दिली आहे. ही कबुली परदेशांतील पाहण्यांतली असली, तरी आपल्याकडची माणसे काही निराळ्या मातीची घडलेली नाहीत.

असे असूनही तक्रारी क्वचितच ऐकू येतात. ज्या मावशींच्या हातून रात्रीचे जेवण यावयाचे, त्यांच्याविरुद्ध दुपारी भेटीला आलेल्या मुलाजवळ बोलावयाचे कोणत्या बळावर? मुलगा तासाभराने निघून जाणार असतो; मावशी तेथेच राहणार असतात. म्हणून वृद्ध ‘सारे ठीक आहे’ असे म्हणतात. अशा वेळी शब्दांवर विसंबून न राहता डोळे उघडे ठेवणे हे नातलगांचे कर्तव्य ठरते.

पाहावयाचे काय, हे समजण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. माकडहाड, टाचा व कुल्हे यांवर लाली किंवा जखम असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली जात नाही, अशी शंका घ्यावी. साधारणतः दर दोन तासांनी ती बदलावी लागते. दोन्ही दंडांवर सारखेच काळेनिळे डाग असतील, तर कोणी घट्ट धरून हिसकले असावे. मनगटांवरचे वळ बांधून ठेवल्याचे सुचवितात. कोरडी जीभ, हातातून गळू लागलेल्या बांगड्या, वाढलेली नखे, अंथरुणाला येणारा लघवीचा दर्प, भर दुपारची अवेळी गुंगी, कपाटात पडून राहिलेला चष्मा किंवा कवळी, हे सारे बोलके असते. कर्मचारी खोलीत येताच बोलणे थांबत असेल, आजींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरेच कोणी देत असेल, किंवा बँकेच्या कागदांवर अनोळखी अंगठे दिसू लागले असतील, तर शंका अधिकच बळावते.

अर्थात एका खुणेवरून कोणास गुन्हेगार ठरवू नये. वार्धक्यात कातडी पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी साध्या धक्क्यानेही डाग पडतो, आजाराने वजन घटते. त्यातच तुटपुंज्या पगारावर रात्रपाळीला एकटीच बाई अनेकांची उठबस करीत असेल, तर तेथील हयगयीचा दोष तिच्याइतकाच, किंबहुना अधिक, संचालकांचा असतो. पण खुणा वाढत असतील आणि खुलासे दर वेळी बदलत असतील, तर डॉक्टरांकडून तपासणी करून नोंद ठेवावी, आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीला किंवा पोलिसांना कळवावे.

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. असहाय माणसाची देखभाल करण्याचा कायदेशीर करार करून ती स्वेच्छेने टाळणे हा १८६० च्या दंड संहितेतही गुन्हा होता. दंडाची मर्यादा होती दोनशे रुपये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५७ व्या कलमाने ती पाच हजारांवर नेली, कैद मात्र तीन महिन्यांपर्यंतचीच राहिली. ज्येष्ठाला कायमचे टाकून देणाऱ्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही शिक्षा आहे. परंतु शिक्षा घडते ती हाल होऊन गेल्यावर. असे निवास नोंदणीखाली आणून त्यांना किमान निकष लावू पाहणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक संमत न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले.

दिल्लीतील विधेयकाची वाट न पाहता येथे बरेच करता येईल. तालुक्यातील एखादा डॉक्टर, एक निवृत्त परिचारिका आणि गावातील दोन जाणत्या स्त्रिया यांची भेट-समिती नेमून, तिला अशा प्रत्येक निवासात पूर्वसूचनेशिवाय जाण्याची मुभा द्यावी. चांगल्या संस्थांना तिचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट त्यांचा लौकिकच वाढेल. आणि ती समिती होईपर्यंत नातलगांनी दूरध्वनी करून रविवारी सकाळी जाण्याऐवजी, एखाद्या दिवशी न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी जाऊन आईच्या ताटात काय वाढले आहे ते स्वतः पाहावे.