शेवट मोजणाऱ्यांना उत्तर

अमेरिकी चित्रपटसमीक्षक रॉजर इबर्ट यांनी २००५ मध्ये व्हिडिओ गेमवर घेतलेला आक्षेप अनेकांना आजही बिनतोड वाटतो. गंभीर साहित्य आणि सिनेमा लेखकाच्या नियंत्रणावर उभे असतात. खेळाडूच्या हाती निवड दिली की ते नियंत्रण सुटते, असा त्यांचा युक्तिवाद होता. नायकाने काय करायचे हे वाचकच ठरवू लागला, तर लेखकाने सांगायचे काय?

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे आणि तो खेळाडूंकडूनच येतो. निवड असतेच कुठे, असे ते विचारतात. त्यांचा पुरावाही जोरकस आहे. 'मास इफेक्ट' या विज्ञानकथात्मक रोल-प्लेइंग मालिकेचा तिसरा भाग मार्च २०१२ मध्ये आला. मालिका सुरू होऊन चार वर्षांहून अधिक काळ झाला होता, खेळाडूंनी वाटेत असंख्य निर्णय घेतले होते, आणि शेवटी त्यांच्यासमोर जे पर्याय आले त्यांच्या दृश्यांत ठळक फरक दिसला तो स्फोटाच्या रंगाचा. संतापलेल्या चाहत्यांनी मालिका बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीला लाल, निळे आणि हिरवे, पण एकाच चवीचे कपकेक पाठवले. जूनमध्ये कंपनीने विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध करून दिला.

चाहत्यांची तक्रार रास्त होती. तो शेवट तोकडाच होता. पण शेवट तोकडा म्हणून आधीची सगळी निवड फसवी, हा निष्कर्ष टिकत नाही. त्याच मालिकेतले जेनोफेजचे प्रकरण पाहिले की हे कळते.

क्रोगन ही दणकट, झपाट्याने वाढणारी जमात. रॅक्नाय नावाच्या शत्रूशी लढायला सैनिक हवे होते, म्हणून सॅलेरियन या दुसऱ्या जमातीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना तंत्रज्ञान दिले, अंतराळात आणले. युद्ध जिंकल्यावर क्रोगनांची संख्या फुगली, ते इतरांचे ग्रह बळकावू लागले, बंड झाले. तेव्हा सॅलेरियनांनी तयार केलेला आणि ट्यूरियन या तिसऱ्या जमातीने पसरवलेला एक जैविक उपाय त्यांच्यावर लादला गेला. हजारात जेमतेम एक गर्भ टिकावा अशी तजवीज झाली. हाच जेनोफेज. कोणालाही गोळी न घालता एका जमातीच्या कित्येक पिढ्या जन्मण्याआधीच संपवल्या गेल्या.

२००७ च्या पहिल्या भागात या रोगावर इलाज सापडल्याची बातमी येते आणि नायक शेपर्डचा क्रोगन सोबती रेक्स त्याच्यावरच बंदूक रोखतो. कारण इलाज शत्रूच्या हाती आहे आणि शेपर्ड तो तळच उडवायला निघालेला आहे. रेक्सला समजावता येते, नाहीतर तो तिथेच मरतो. २०१० च्या दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस भेटतो. जेनोफेज निष्प्रभ होऊ लागल्यावर तो पुन्हा धारदार करणाऱ्या चमूतला हा बुद्धिमान, गाणी गुणगुणणारा शास्त्रज्ञ. त्याच्या जुन्या शिष्याने इलाज शोधण्यासाठी क्रोगन स्त्रियांवर भीषण प्रयोग केलेले असतात. त्या प्रयोगांतून निघालेली माहिती जपायची की नष्ट करायची? माणुसकीला स्मरून ती पुसून टाकणाऱ्या खेळाडूला तिसऱ्या भागात कळते की, त्या माहितीअभावी ईव्ह ही क्रोगन स्त्री वाचत नाही.

मग २०१२ च्या तिसऱ्या भागात निर्णय येतो: इलाज पसरवायचा की नाही? सॅलेरियन नेता गुप्तपणे सांगते, इलाज बिघडवा, आमची मदत घ्या. रेक्स आणि ईव्ह जिवंत असतील तर क्रोगनांच्या सुधारलेल्या भविष्यावर विश्वास ठेवायला आधार असतो. दोघेही नसतील तर सत्ता सूडाने पेटलेल्या रीव्ह या क्रोगनकडे असते. तेव्हा मॉर्डिनलाही इलाज थांबवण्यासाठी पटवता येते आणि तो वाचतो. एरवी इलाज बिघडवायचा तर मॉर्डिनला पाठीत गोळी घालावी लागते. इलाज पसरवायचा तर तो स्वतः त्यासाठीच्या मनोऱ्यावर जाऊन जीव देतो. इथे कोणता निर्णय बरोबर, हे गेम सांगत नाही. खेळाडूने इतक्या वर्षांत जे जग घडवले, त्यातून त्याला ते ठरवावे लागते.

इबर्ट यांच्या आक्षेपाचे उत्तरही इथेच मिळते. ही कोंडी लेखकांनी रचली आहे. कोणती बातमी कधी कळणार, कोणत्या चांगुलपणाची किंमत किती वर्षांनी मोजावी लागणार, हे त्यांच्याच हातात आहे. खेळाडूला दिलेली निवड हे त्यांच्या नियंत्रणाचे साधन आहे. १९९७ चा 'फॉलआउट' याचा जुना आणि देखणा दाखला. अणुयुद्धानंतरच्या या जगात 'मास्टर' नावाचा खलनायक माणसांचे उत्परिवर्तित महामानव करत सुटला आहे. त्याला बंदुकीने मारता येते. पण हे महामानव वंध्य आहेत याचा पुरावा मिळवून त्याच्यासमोर ठेवला तर त्याचे अवसान गळते, आणि तो स्वतःच सगळे संपवतो. खलनायकाचा पराभव युक्तिवादाने व्हावा, आणि तो युक्तिवाद खेळाडूने पडक्या जगात हिंडून स्वतः जमवलेला असावा, याला लेखनावरची पकडच लागते.

विज्ञानकथेला हा प्रकार विशेष मानवतो, त्याला कारण आहे. 'असे झाले तर?' हा प्रश्न विज्ञानकथा विचारतेच. कादंबरीत त्याचे उत्तर एखादे पात्र देते आणि वाचक त्याला मनातल्या मनात दाद देतो किंवा विरोध करतो. रोल-प्लेइंग गेममध्ये उत्तर दिल्याशिवाय कथा पुढे सरकतच नाही. उत्तर देण्यासाठी त्या परक्या जगाचा इतिहास, जीवशास्त्र, राजकारण समजून घ्यावे लागते. म्हणून जेनोफेजची पार्श्वभूमी कंटाळवाणी टिपणे वाटत नाही.

एक तिसरा आक्षेपही ऐकू येतो: जुना सेव्ह उघडून निर्णय फिरवता येतो, मग त्याला वजन कसले? परिणाम लगेच दिसला तर हे खरे. मॉर्डिनच्या शिष्याची माहिती पुसण्याचा परिणाम मात्र पुढच्या गेममध्ये दिसतो. २००० च्या 'ड्यूस एक्स'ने आणखी धीट वाट धरली. हॉटेलवर छापा पडतो तेव्हा नायकाचा भाऊ पॉल त्याला खिडकीतून निघून जायला सांगतो. ऐकले तर तो मरतो. लढत दारातून बाहेर पडले तर तो वाचू शकतो. हा निवडीचा क्षण आहे, अशी पाटी पडद्यावर कुठेच नाही. सांगितले तेच करणारे कित्येक खेळाडू भावाला गमावतात आणि दुसरे काही शक्य होते हे त्यांना ठाऊकही नसते.

भव्य युद्धाविनाही हे साधते. २०२२ च्या 'सिटिझन स्लीपर'मध्ये नायक कंपनीच्या मालकीच्या यांत्रिक देहात अडकलेले मन आहे. तो मोडकळीला आलेल्या अंतराळस्थानकावर लपून राहतो, देह झिजत असतो. दर दिवशी हाती काही फासे येतात. प्रकृती ढासळली की ते कमी होतात. आजचा चांगला फासा औषधासाठी पैसे मिळवायला वापरायचा, की शेजारच्या कामगाराच्या छोट्या मीनाला सांभाळायला? इथे जगाचे भवितव्य पणाला लागलेले नाही. तरीही हात थबकतो, कारण एकीकडे वापरलेला फासा त्या दिवशी दुसरीकडे वापरता येत नाही. शेवट किती आहेत, ही मोजदाद अशा क्षणी खेळाडूच्या डोक्यात नसते.