वरिष्ठांची जीभ

केडगांवच्या देवीच्या नवरात्रांत दर्शनाच्या रांगेंत आमच्या जुन्या शेजारच्या काकू भेटल्या. त्यांची सून शहरांतील एका इस्पितळांत अतिदक्षता विभागाची परिचारिका होती. पांच वर्षांची नोकरी तिनें सोडली म्हणाल्या. "पगार कमी होता का हो?" आम्ही विचारलें. "पगाराचें कांहीं नाहीं. मोठे डॉक्टर रुग्णांदेखत वाटेल तें बोलत. घरीं आली कीं पोर जेवतच नसे."

बोलण्यानें का अंगास भोकें पडतात, असें कांहीं वाचक म्हणतील. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांचे बोल मुकाट्यानें ऐकण्याचें वळण आहे, आणि डॉक्टर चिरंजीवांचा कडकपणा कित्येक माउल्या कौतुकानेंच सांगतात. पण इस्पितळांतले बोल अखेर रुग्णास बाधतात. २०१५ सालीं इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतील २४ पथकांस सरावासाठीं एक कल्पित आजारी मूल दिलें, आणि त्यांपैकीं कांहींना एका परक्या तज्ज्ञाकडून उपमर्दाचे शब्द ऐकविले. त्यांचें निदान आणि हातचें काम, दोन्ही इतरांहून निकृष्ट ठरलें. तीं माणसें एकमेकांस कमी सांगूं लागलीं, मदतही कमी मागूं लागलीं.

काकूंच्या सुनेचें तेंच झालें. रात्रीं दोन वाजतां एखाद्याचा रक्तदाब उतरूं लागला, कीं डॉक्टरांस उठवावें कीं न उठवावें, यांत तिचीं दहा मिनिटें जात. त्या दहा मिनिटांचें तिला भय वाटूं लागलें, म्हणून ती निघाली. तिच्या जागीं आलेली मुलगी सहा महिनेही टिकली नाहीं.

कायदा येथें तोकडाच. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, तो विद्यार्थ्यांपुरता. केंद्राचा २०१३ चा, तो स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता. नुसत्या शिवराळ वरिष्ठास दोन्ही लागू नाहींत. आणि कायदा असूनही मुंबईच्या नायर रुग्णालयांतील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांनीं २२ मे २०१९ रोजीं आत्महत्या केली. तीन वरिष्ठ स्त्री-डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचा आरोप ठेवला गेला. 'डॉक्टर मंडळींत जात कोठें असते?' असें त्या वेळीं आमच्याच बैठकींत कोणी म्हणालें होतें. आम्ही गप्प बसलों, याची आज लाज वाटते.

काकूंची सून आतां केडगांवांतच एका लहान दवाखान्यांत जाते. पगार उणा आहे. चूक झाली तर तेथील डॉक्टरीणबाई बाजूला नेऊन सांगतात. "जेवते हो आतां," काकू म्हणाल्या, आणि रांग पुढें सरकली.