बरणीच्या तळचा खार

चैत्रात नगरच्या बाजारात कैरी येऊ लागली की घरोघरी नव्या लोणच्याची तयारी सुरू होते. मागील वर्षाच्या बरणीत मात्र फोडी संपून तळाशी केवळ खार उरलेला असतो. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरांतही तो पुष्कळदा बरणीसोबत धुतला जातो.

फोडी कडक उन्हात वाळवून घातलेले लोणचे असेल आणि खाराचा वर्ण, रस व गंध बदललेला नसेल, तर त्याचा उत्तम उपयोग होतो. 2 चमचे खार, 1 लिंबाचा रस, सुपारीएवढा गूळ व चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र घुसळावी. तेल आणि रस स्वभावतः विलग राहतात; खारातील मोहरीचे कूट त्यांना एकजीव करते. युरोपातही सॅलडच्या रसात मोहरी याच कारणाने घालतात. तेथील शिरका व मध जैन रसोईत वर्ज्य असले, तरी लिंबू व गूळ त्यांची उणीव भासू देत नाहीत. काकडी-टोमॅटोच्या फोडींवर हा रस वाढतेवेळीच घालावा; वेगळे मीठ नको.

दह्याबाबत मात्र विवेक हवा. लोणच्यात बहुधा मेथी असते आणि मेथीची गणना कडधान्यात होते. म्हणून न तापविलेल्या दह्यात हा खार कालविल्यास द्विदलाचा दोष लागतो. नव्या सुनेला हे सांगताना केवळ मनाई करू नये, कारणही सांगावे. कारण उमगले की नियम आपोआप पाळला जातो.

रस लागेल तेवढाच करावा व सूर्यास्तापूर्वी संपवावा. उरलेल्याचा उपयोग करताना पुन्हा काही उरवू नये.